पणजीला जाणारं पाणी

देवळात गेल्यावर माणसं आधी देवाकडे बघतात. आमचे घरमालक दाराशी उभे राहून कोण कोणाच्या चपला घालून जातो ते बघायचे. त्यांच्या स्वतःच्या चपला कधी चोरीला गेल्या नाहीत, कारण ते त्या पिशवीत घालून काखेत धरूनच आत जायचे.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. खरं नाव लिहीत नाही, त्यांच्या घरातली माणसं अजून आहेत. मालवणात बंदराजवळ त्यांचं कौलारू घर होतं. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी लग्न होऊन आले. आमचे हे कुडाळच्या एका शेटची मोटार भाड्यावर चालवायचे. आबांची बायको वारली होती, मुलगा मुंबईला होता, आणि ते स्वतः जकात खात्यातून नुकते पेन्शनीत निघाले होते. शिपाई होते. सगळी नोकरी मालवणच्या धक्क्यावर गेली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. तिकडून येणाऱ्या होड्यांतून घड्याळं, सोनं, परदेशी कापड, दारू असं काय काय यायचं, ते पकडायचं हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण माणूस धक्क्यावरून घरी आलाच नाही.

मी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा डोक्यावर गाठोडं होतं. आबा पायरीवर बसले होते. उठले नाहीत, या म्हणाले नाहीत.

"उघड बघया," म्हणाले.

मला वाटलं म्हातारा थट्टा करतो. पण त्यांच्या हातात एक लांब लोखंडी सळी होती. कापसाच्या गाठी, तांदळाची पोती भोसकून बघायला खात्यात मिळालेली. ती त्यांनी परत केली नव्हती. त्या सळीने त्यांनी माझी गादी भोसकली, उशी भोसकली, लोणच्याच्या बरणीचा वास घेतला आणि आईने दिलेला एक एक नारळ हातावर तोलून बाजूला ठेवला.

"नारळात काय गावतला, आबानु?" मी विचारलं.

"एकदा गावलेला."

"काय?"

"ता खात्याचा काम. तुका कित्याक व्हया?"

असा माणूस. मासे घेतानासुद्धा बांगड्याचं तोंड उघडून आत बघायचे. मासे विकायला येणारी बाई तोंडाची फटकळ होती. ती टोपली उतरायची आणि आधीच सांगायची, "बघा, आबानु, बघा. पोटात सोन्याचो गोळो गावलो तर अर्धो माझो हां." आबा हसायचे नाहीत. ते शेवटी कल्ल्याखाली बोट घालून बघायचे आणि मगच घ्यायचे.

मला ते आवडायचे का, असं कोणी विचारलं तर नाही म्हणून सांगेन. ते माझ्या चुलीवरच्या टोपाचं झाकण उचलून बघायचे. मी बाजारातून आले की पिशवीकडे बघायचे. माझा भाऊ भेटायला आला तर त्याला बाहेरच उभं करून गाव विचारायचे, आणि गावात कोण कोण राहतं ते विचारायचे, म्हणजे खोटं बोलला तर कळावं. पण एक सांगते. त्यांच्याबरोबर राहून राहून मलाही तशी नजर आली. ती सवय मी त्यांच्याकडूनच घेतली आणि पहिल्यांदा त्यांच्यावरच वापरली.

आबांना दुसऱ्याच्या घरचं पाणी चालायचं नाही. जातीपातीचं नव्हतं ते, त्यांचा पाण्यावरच विश्वास नव्हता. लग्नाला गेले तरी आपल्या विहिरीचं पाणी बरोबर न्यायचे. त्यासाठी त्यांच्याकडे फिरकीच्या झाकणाची एक पितळी कळशी होती, आतून कल्हई केलेली. झाकण घट्ट बसलं की उलटी केली तरी थेंब सांडायचा नाही. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

गोवा मोकळा झाला आणि रस्ता चालू झाला. त्यानंतर आबांनी एक नवीन टूम काढली. दर महिन्याला, अमावास्येच्या आधीच्या शनिवारी, आमच्या ह्यांची मोटार घेऊन पणजीला जायचे, रविवारी संध्याकाळी परत. मोटारीत आणखी दोन-तीन उतारू घ्यायचे, ते म्हापशाला उतरायचे. आबा एकटे पणजीपर्यंत. काय काम ते सांगायचे नाहीत. "शहर बघूक," एवढंच. आता, ज्या माणसाने मालवणचा किल्ला समोर असून नोकरीत कधी मान वर करून बघितला नाही, तो दर महिन्याला शहर बघायला जाईल यावर मी कसा विश्वास ठेवायचा?

बरोबर ती कळशी असायचीच. बांद्याच्या पुढे पोलिसांचा नाका होता. आपल्या बाजूला दारूबंदी आणि पलीकडे दारूची दुकानं उघडी, म्हणून येणाऱ्या मोटारी तपासायचे. पहिल्या खेपेला तिथल्या हवालदाराने कळशी उघडायला लावली. आबांनी रस्त्यातच भांडण काढलं. शेवटी हवालदाराने ओंजळीत घेऊन प्यायलं तर पाणीच. सगळे हसले. तेव्हापासून तो त्यांना पाणीवाले आबा म्हणायचा आणि कळशीकडे बघायचा नाही. ह्यांनी मला हे हसत हसत सांगितलं.

मी हसले नाही. मी नंतरच्या एका रविवारी बघितलं होतं की कळशी मोटारीतून उतरताना जड होती. आबांनी दोन्ही हातांनी उतरवली. जाताना भरलेली, येताना भरलेली. दोन दिवस माणूस काय प्यायला मग? आणि दुसरं म्हणजे, कळशी आत ठेवून आबा तडक विहिरीवर गेले, पोहरा सोडला आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायले. ज्याच्या हातात आपल्याच विहिरीचं भरलेलं पाणी आहे तो तहानलेला येईल कसा?

रात्रीची जेवणं झाल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पाणीच आसा गो. हवालदारान पिवन बघल्यान."

"पहिल्या खेपेक बघल्यान. मगे बघल्यान?"

"मगे कित्याक बघतलो?"

"ताच सांगतंय मी."

आमचे हे गाडी चांगली चालवायचे, पण माणसं त्यांना वाचता यायची नाहीत. मोटार शेटची होती. तिच्यात दारू सापडली तर मोटार जप्त, हे आत, आणि शेट ह्यांना पुन्हा दारात उभं करणार नाही. दुसरं काही येत नव्हतं त्यांना. माझ्या पोटाला जे मिळत होतं ते त्या चार चाकांवर होतं. घरमालकाला जाब विचारावा तर घर त्याचं. म्हणून मी पुढच्या अमावास्येआधी सांगून टाकलं, मी पण येणार, मला पणजी बघायची आहे.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "पणजीत तुझा काय आसा?"

"शहर बघूक," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी निघताना त्यांनी माझं बोचकं सळीने भोसकलंच. मी पण त्यांच्या देखत कळशीचं झाकण फिरवून बघितलं. पाणीच होतं. दोघांनीही काही बोलायचं नाही असं ठरल्यासारखं आम्ही मोटारीत बसलो. ते पुढे, मी मागे दोन उतारूंच्या मध्ये. कुडाळ, सावंतवाडी, बांदा. वाटेत एक उतारू त्यांना म्हणाला, "आबानु, गोव्यात आता कोणय जावक मोकळो, तुमची नोकरी असती तर काय केला असतास?" आबा म्हणाले, "मोकळो झालो म्हणून माणूस सुधारता काय?" नाक्यावर हवालदार सावलीत बसला होता. घाटावरचा होता, जाडजूड, मिशा पिकलेल्या. "काय आबा, आज पाणी गोड आहे का?" म्हणाला आणि हात हलवून आम्हाला सोडलं. आबांनी मान डोलावली. मी मागून त्यांची मान बघत होते. ती ताठ होती, पण कानाची पाळी लाल झाली होती.

बेतीला मोटार फेरीबोटीवर चढवली आणि नदीपलीकडे पणजी दिसली. शहर देखणं होतं, नाही म्हणत नाही. पिवळी, निळी घरं, पुढे काढलेले सज्जे, खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्यांच्या चकत्या, टेकडीवर पांढरं चर्च आणि त्याला चढत गेलेल्या नागमोडी पायऱ्या. जुन्या सरकारचे दगडी वाडे, त्यांच्या दारांवर अजून परकी अक्षरं. पण रस्त्यावर दर चार घरांमागे दारूचं दुकान, आणि बायका त्याच्यासमोरून भाजी घेऊन खुशाल चाललेल्या. माझं लक्ष शहरात नव्हतं. ते आबांच्या पाठीवर होतं.

एका खाणावळीवर खोल्या घेतल्या. आबांनी खाणावळीच्या कुलपावर आपलं कुलूप घातलं आणि दुपारी कळशी घेऊन निघाले. हे मोटार धुवायला नदीवर गेले होते. मी आबांच्या मागून निघाले. ते जुन्या वस्तीत शिरले. अरुंद गल्ल्या, वर लोखंडी कठडे, कुठेतरी कोणी पेटी वाजवत होतं. एका कोपऱ्यावर पिंपळ होता. तिथे थांबून त्यांनी कळशीचं झाकण काढलं, आणि मालवणहून आणलेलं पाणी सगळं पिंपळाच्या मुळात ओतलं. मग समोरच्या दारूच्या दुकानात शिरले.

बाहेर आले तेव्हा कळशी जड होती आणि मी पिंपळाखाली उभी होते.

पळायला जागा नव्हती. पण ते पळणाऱ्यातले नव्हतेच. जवळ येऊन उभे राहिले.

"बघलंस?"

"बघलंय."

"घोवाक सांगतलंस?"

"घोवाक सांगून काय? गाडी तेची, तुरुंगात तो जातलो. मी तुमका इचारतंय. ह्या वयात सोरो पितास काय विकतास?"

त्यांना माझा इतका राग आला की त्यांनी कळशी खाली ठेवली. "माझ्या जिभेक थेंब लागूक नाय आजवर," म्हणाले. "राखणदाराक आसा तो."

मग त्यांनी सांगितलं. आमच्या भागात घराच्या, वाडीच्या हद्दीचा एक राखणदार असतो. कोणी देवचार म्हणतात. वर्षातून एकदा त्याला जाडी भाकर, नारळ, विडी आणि थोडी दारू द्यायची असते. आबांच्या घरचा राखणदार मागच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी होता. आई होती तोवर ती कुठून तरी मिळवून द्यायची. पुढे दारूबंदी आली, आणि आबा स्वतः सरकारी माणूस. ते राखणदाराला दारूच्या जागी नारळाचं पाणी द्यायला लागले. वर्षानुवर्षं तेच दिलं.

"तेका कळला," आबा म्हणाले. "तेका काय चव कळना नाय? मगेच माझो झील गेलो. ज्या वर्सा पयल्यांदा फसवलंय त्याच वर्सा. आता जितकी वर्सा फसवलंय तितकी अमावास्यांक देवन पुरी करतंय."

"मगे तो येतलो?"

"कित्याक येवचो नाय?"

भर रस्त्यात तो म्हातारा माझ्याकडे असा बघत होता की खरं काय ते मी तिथे सांगितलं नाही. मुलगा का गेला ते मला माहीत होतं. सगळ्या बंदराला माहीत होतं. मला त्या मासेवालीने सांगितलं होतं, तो गेला त्या दिवशी ती धक्क्यावर टोपली घेऊन बसली होती.

रात्री ह्यांना सांगितलं. हे घामाने भिजले. म्हणाले, पुढच्या महिन्यापासून मी भाडं घेणार नाही, पण आज त्यांना इथे टाकून कसं जाऊ. आणि घर सोडायला लावलं तर? मी म्हटलं, तुम्ही गाडी चालवा, बाकीचं मी बघते.

रविवारी फेरीबोटीवर मोटारीतून सगळे उतरले होते. आबा कठड्याला टेकून, कळशी दोन पायांच्या मध्ये धरून उभे. मी गेले आणि म्हटलं, "ह्या नदीत ओता."

"नाय."

"मगे मी ओततंय."

"हात लाव बघया."

मी हात लावला नाही. मी बोलले. "आबानु, तुमचो झील देवचारान व्हरूक नाय. तुमी घालवलात तेका. तो लगीन करून बायलेक घेवन कुळदेवाक गोव्यात गेलेलो. होडयेतसून धक्क्यार उतरलो, आणि तुमी सगळ्यांच्या देखत त्या नव्या चेडवाची ट्रंक उघडलात. साडयो बाहेर काढलात, आतले कपडे बाहेर काढलात, धक्क्यार टाकलात. गावला काय?"

आबा नदीकडे बघत म्हणाले, "ती माझी ड्युटी."

"गावला काय?"

"कायद्याक सून नसता. मी तिची उघडलंय नाय तर उद्या सगळे म्हणतले, शिपायान आपल्यांक सोडल्यान."

"कोण म्हणतलो?"

त्या दिवशी मुलाने कपडे गोळा केले, ट्रंक बंद केली आणि घरी न जाता तिथूनच मुंबईच्या बोटीची वाट बघत बसला. बायको डोळ्यांवर पदर घेऊन बसली होती. आबा पुढच्या होडीतलं सामान तपासायला गेले. त्यानंतर मुलाने मालवणात पाऊल टाकलं नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, ते त्यांना माहीत होतं. मी एवढंच म्हटलं, "राखणदाराक कित्याक दोष देतास? तो गडग्यापाशी होतो. धक्क्यार तुमी होतास."

फेरीबोट लागली. मोटारीत बसताना मी ह्यांच्यासमोर शेवटचं सांगितलं की ही कळशी मोटारीत असेल तर मी नाक्यावर स्वतः हवालदाराला सांगेन. मी सांगितलंही असतं. आबांनी ते ओळखलं.

नाक्याच्या थोडं अलीकडे, वळणावर, ते ह्यांना म्हणाले, "थांबय." उतरले, कळशी खांद्यावर घेतली. "मी चलत जातंय. तुमी मागसून येवा. पकडलो तर मी एकटो पकडलो."

मला ते पटलं. ह्यांनाही पटलं. इतकी वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाला एवढं कळू नये की एका मोटारीतले लोक वेगवेगळे आले की नाकेवाल्याच्या डोक्यात आधी किडा वळवळतो. हवालदाराने पाणीवाल्या आबांना चालत येताना बघितलं, सलाम केला आणि नेहमीसारखं सोडून दिलं. आणि मग मागून आमची मोटार आली तेव्हा तो सावलीतून उठला.

"म्हातारा चालत का गेला?" त्याने ह्यांना विचारलं.

ह्यांचं तोंडच सगळं सांगत होतं. खरं म्हणजे मोटारीत काहीच नव्हतं, पण ह्यांना असं भ्यालेलं बघून कोणीही म्हटलं असतं की आहे. हवालदाराने डिकी उघडली, गाद्या उचलल्या, चाकांखाली वाकून बघितलं. काही मिळेना तसा तो चिडत गेला. मग माझं बोचकं ओढलं.

"हे काय?"

"कपडे," मी म्हटलं. "बाईमाणसाचे."

"बघू दे ना मग."

त्याने गाठ सोडली आणि एक एक करून रस्त्यावर टाकायला सुरुवात केली. लुगडं, चोळ्या, परकर. धुळीत. झाडाखाली दुसऱ्या मोटारीचे लोक बसले होते, ते बघत होते. हे मान खाली घालून उभे. मी हवालदाराकडे बघत राहिले, कारण मला लाजलेली दिसायचं नव्हतं. त्याने माझा परकर काठीच्या टोकावर उचलला आणि झटकून बघितला.

आबा नाक्याच्या पलीकडे पोचले होते. सुटले होते. पुढे वळणावर जाऊन बसायचं आणि मोटार आली की चढायचं, एवढंच काम. मी बघितलं तर ते थांबले होते आणि मागे वळून बघत होते.

मग ते परत आले. चालत नाही, जवळजवळ धावत आले, कळशी खांद्यावर हिंदकळत. हवालदार म्हणाला, "अहो आबा, तुम्ही जा, तुमचं झालंय." आबांनी कळशी त्याच्या बुटांसमोर ठेवली, फिरकी काढली आणि लाथ मारून ती आडवी केली.

वास असा उसळला की झाडाखालची माणसं उभी राहिली.

हवालदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला आधी वाटलं आता आबांना पकडतो. पण तो इकडे तिकडे बघायला लागला, आणि मग माझ्या लक्षात आलं. इतके महिने ही कळशी त्यानेच सलाम करून सोडली होती. हे वर कळलं तर आधी त्याचीच चौकशी. तो दबक्या आवाजात म्हणाला, "पाणी सांडलं तुमचं, आबा. चला, निघा इथून. पुन्हा ही कळशी या रस्त्याला दिसली तर बघा." आणि मोटारीवर थाप मारून, "चल रे, काढ गाडी," असं ह्यांच्यावर ओरडला.

आबा तोवर खाली बसून माझे कपडे गोळा करत होते. त्यांना घडी घालता येत नव्हती. लुगड्याचा बोळा करून, धूळ झटकून, बोचक्यात ठेवत होते. एकाही कपड्याकडे त्यांनी बघितलं नाही. सगळं तोंड फिरवून केलं. मी त्यांना मदत केली नाही. करू दे म्हटलं.

घरी आलो. मला वाटलं आता आबा खोल्या खाली करायला सांगतील. सांगितलं नाही. अमावास्येला संध्याकाळी ते मागच्या गडग्यापाशी गेले, भाकर, नारळ आणि विडी ठेवली आणि राखणदाराला मोठ्याने सांगितलं, "सोरो रस्त्यार सांडलो. ह्यापुढे तुका गावचो नाय. राग येवचो आसलो तर माझ्यार ये, भाडोत्र्यांक लागू नको." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मला देवचाराचं भय नव्हतं. पण आमचं नाव घेतलं म्हणून मी त्या रात्री त्यांच्याकडे आमटी पाठवली. त्यांनी झाकण काढून वास घेतला, मगच घेतली. माणूस एका दिवसात बदलतो असं मी तरी कधी बघितलेलं नाही.

पाऊस संपला, बोटी चालू झाल्या, आणि एक दिवस आबा मुंबईला गेले. कोणाला सांगितलं नाही. मासेवालीने त्यांना बोटीला जाणाऱ्या होडीत बघितलं. हातात काही नव्हतं म्हणाली. पिशवी नाही, पाणी नाही, नुसती छत्री. मला ते खरं वाटेना. कोकणातून मुंबईला रिकाम्या हाताने कोणी जातं का?

आठवड्याने परत आले. पायरीवर बसले. मी विचारलं, "झील भेटलो?"

"कामार होतो. सून भेटली."

"घरात घेतल्यान?"

"दारात उभी ऱ्हवली. इचारल्यान, गावसून इलास, एक नारळ हाडूक नाय? कोकमा नाय? तिरफळा नाय? हात हलवत इलास?" आबा थांबले. "मी सांगलंय, पिशवी हाडलंय नाय, उघडूची लागतली म्हणून. मगे ती आत गेली आणि चाय घेवन इली. परत येवा म्हणाली, पण असे रिकामे येव नकात."

मी ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही. मला वाटलं म्हातारा मुंबईच्या धक्क्यावर उतरला असेल, धीर झाला नसेल, तिथेच कुठेतरी दिवस काढून परत आला असेल, आणि आता माझ्यासमोर बरं दिसावं म्हणून हे सगळं रचतो आहे. मी तरी तसंच केलं असतं. म्हणून मी उलटतपासणी केली.

"सून कशी दिसता?"

"माका काय ठावक?"

"समोर उभी होती मा?"

"वर बघूक जमला नाय," आबा म्हणाले. "पाय बघलंय. उजव्या पायाचा जोडवा चपटा झालेला. कसलातरी जड पडला आसतला तेच्यार. इचारूचा होता, धीर झालो नाय."

चपटं जोडवं कोणी मनाने रचून सांगत नाही. निदान आबांसारखा माणूस तर नाहीच. मी उठले, गोणपाट शोधलं आणि विचारलं, कोकमं किती घालू.